दाराची गोष्ट आणि दाराचे लाकूड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घर बांधायला काढले की माणूस पुष्कळ गोष्टी मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो. पायात खडी किती, भिंतीत वीट कोणती, गिलावा कसा, हे त्याला फारसे कळतही नाही. पुढच्या दाराची पाळी आली की मात्र तो स्वतः उठतो. घरच्यांना आणि एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन लाकडाच्या वखारीत जातो. आल्यागेल्याची पहिली नजर दारावर पडणार असते, तेव्हा त्याची ही धडपड रास्तच म्हणायची.

वखारीत त्याला लाकूड दाखवतात, पण त्याआधी गोष्ट सांगतात. 'हा अस्सल बर्मा सागवान.' 'हे दार पेशवाईतल्या वाड्याचे, आता मिळायचे नाही.' 'शंभर वर्षांत वाळवी शिवलेली नाही.' गोष्ट रंगत जाते आणि गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जातो. गोष्ट खरी असेलही, खोटीही असेल. माझे सांगणे एवढेच की दार घेताना गोष्टीवर जाऊ नये, लाकडावर जावे. हा सल्ला वखारीपुरता नाही. एका दाराचे लाकूड न पाहता नुसती गोष्ट ऐकून एकोणिसाव्या शतकात एका गव्हर्नर जनरलने केवढा घोळ घातला, ती हकिगत पुढे सांगणारच आहे. त्याआधी आपले दार नीट पाहून घेऊ.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण माझा धंदा शब्दांचा. 'दार' हा शब्द संस्कृत 'द्वार'वरून आला. 'दरवाजा' फारसीतून आला; त्यातला 'दर' आणि आपले 'द्वार' ही एकाच मूळ घराण्यातली भावंडे. इंग्रजांचे 'डोअर'ही त्याच कुळातले. 'कवाड' हे संस्कृत 'कपाट'. 'उंबरठा' म्हटले की उंबराचे झाड आठवते, आणि संस्कृत कोशात 'उदुंबर' या शब्दाचा एक अर्थ दाराचा उंबरठा असा दिलेलाच आहे. 'कुलूप' हे अरबी 'कुफ्ल'चे मराठी रूप. 'चावी' पोर्तुगिजांची, 'बिजागरी' पोर्तुगिजांची, आणि दार बसवणारा 'मिस्त्री' हा शब्दही त्यांचाच. म्हणजे साधे कडीकुलपाचे दार उघडायचे म्हटले तरी चार भाषांचा हात लागतो. कोणी एकाने 'हे सगळे आमचेच' म्हणायचे ठरवले, तर त्याच्या दाराला एक तर कुलूप उरणार नाही, नाही तर बिजागरी.

बिजागरी हा शब्द बाहेरून आला, त्यालाही कारण आहे. आपली जुनी मोठी दारे बिजागरीवर फिरतच नसत. कवाडाच्या एका कडेचे लाकूड खाली-वर थोडे पुढे काढून त्याला गोल टोक करीत. खालचे टोक उंबऱ्यातल्या किंवा दगडातल्या खळग्यात बसे, वरचे चौकटीच्या भोकात. त्या दोन टोकांवर मणामणाचे कवाड एका हाताने फिरे. आतून अडसर, म्हणजे एक जाड लाकडी दांडा. दार लावून घेतले की तो भिंतीतल्या खोबणीतून ओढून आडवा सरकवायचा. बाहेरच्या माणसाने कितीही खांदा लावला तरी जोर दारावर न येता भिंतीवर जाई.

जुन्या दारावरची पितळी फुले पाहून आपण हरखतो. ती नुसती शोभा नव्हे. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. एकसंध रुंद फळा केला तर एका पावसाळ्यात तो वाकेल, नाही तर उन्हाळ्यात तडकेल. म्हणून सुतार उभ्या फळ्या शेजारीशेजारी लावी, मागून आडव्या पट्ट्या घाली आणि पुढून मागे आरपार खिळे ठोकून त्यांची टोके मागे वळवी. त्या खिळ्यांची डोकी म्हणजे ती फुले. आजच्या दारात चौकटीच्या खाचेत सैल बसवलेले पॅनेल असते, त्याचेही कारण तेच. लाकडाला हालायला जागा ठेवावी लागते.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा अनेकांनी पाहिला असेल. वाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. दरवाजाच्या कवाडांवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, तेही हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते आहेत. त्याच कवाडात माणसाला वाकून जाता येईल एवढे छोटे दार आहे. त्याला दिंडी म्हणतात. रोजचे येणेजाणे दिंडीतून होई. दिंडीतून आत येणाऱ्याला मान खाली घालावी लागते आणि एका वेळी एकच माणूस येऊ शकतो. पाहुण्याकडून नमस्कार आणि शत्रूची अडवणूक, दोन्ही कामे एका भोकाने होत. १८२८ साली वाड्याला मोठी आग लागली आणि आतले लाकडी वैभव जळून गेले. आज तिथे जोती उरली आहेत आणि दरवाजा उभा आहे.

आता लाकूड. आपल्याकडे दार म्हटले की साग, हे समीकरण पक्के आहे. सागात तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा जात नाही, पाण्याने तो फारसा फुगत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. हे गुण ज्याला घरासाठी हवेत, त्याला जहाजासाठीही हवेत. सागाची सगळी कथा या एका वाक्यात आहे.

अरबीत सागाला 'साज' म्हणतात. हा आपल्या 'साग'चाच अरबी अवतार मानला जातो. अरबस्तानात साग उगवत नाही. तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गलबतांत भरून तिकडे जाई. मदिनेची पैगंबरांची मशीद आधी अगदी साधी होती: खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्यांचे छप्पर. तिसरे खलिफा उस्मान यांनी हिजरी २९, म्हणजे इ. स. ६४९-५० च्या सुमारास ती नव्याने बांधली, तेव्हा खांब कोरीव दगडाचे झाले आणि छप्पर 'साज'चे झाले, अशी नोंद हदीसमध्ये आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती आणि घरासमोरचा सागही ठाऊक होता. ही दोन्ही एकच झाडे, हे मला फार उशिरा एका शब्दकोशाने सांगितले.

मराठी राज्यात सागाला मोठा मान होता, तो आरमारामुळे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त या विषयावर एक सुंदर प्रकरण आहे. त्याचा आशय असा: आरमाराला साग-शिसवासारखी झाडे लागतात, ती राज्यातल्या रानातून हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावीत. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी, पण त्याला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मग तोडावे. बळजोरी करू नये. हा मजकूर हल्ली शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फिरतो. तो अमात्यांच्या ग्रंथातला, महाराजांच्या निधनानंतर पस्तीसएक वर्षांनी लिहिलेला आहे. धोरण महाराजांच्या वेळचे असेल, असे मानायला जागा आहे. तरी कागद कुणाचा ते नीट सांगितले, तर महाराजांचा मान कमी होत नाही.

कोकणातल्या जुन्या घरांना फणसाच्या लाकडाची दारे का दिसतात, याचा एक धागा इथे सापडतो. साग सरकारकामाचा, तर फणस परसातला. म्हातारे झालेले, फळ न धरणारे झाड घरधनी स्वतःच्या मर्जीने उतरवी आणि त्याच्या फळ्या माळ्यावर वाळत पडत. पिवळसर रंगाचे ते दार वर्षे जातील तसे तांबूस होत जाते. ते लावणाऱ्याला झाड आठवत असे.

पुढे इंग्रज आले. त्यांच्याकडचे ओकचे लाकूड जहाजांना पुरेना. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारी सागाची अशी जहाजे बांधली की ती ओकच्या जहाजांना भारी पडली. त्यांतले 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. ही भूक भागवण्यासाठी १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन याची जंगलांवर नेमणूक झाली आणि खाजगी सागतोडीवर बंदी आली. लोकांची ओरड एवढी झाली की १८२३ मध्ये ती व्यवस्था मोडावी लागली. पण रेल्वे आली, तिला स्लीपर हवे झाले. १८६४ मध्ये जंगल खाते उभे राहिले, १८६५ आणि १८७८ मध्ये कायदे झाले आणि कालपर्यंत गावाचे असलेले रान राखीव झाले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्यावर आसूड ओढला, तो उगाच नव्हे. पुढे १९३० मध्ये पुसद, बिळाशी, चिरनेर इथे जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मेली. झाड कुणाचे, हा प्रश्न तिथे रक्त सांडून विचारला गेला.

आता कबूल केलेली हकिगत.

१८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारी इंग्रजांची सगळी फौज बर्फात कापली गेली. सैनिक आणि बरोबरची माणसे मिळून सुमारे १६,००० जीव होते आणि त्यांत हिंदी शिपाई आणि नोकरचाकरच जास्त होते. एवढी नामुष्की धुऊन काढायची, तर काहीतरी जिंकून आणल्याचे दाखवायला हवे होते. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याच्या कानावर एक गोष्ट आली होती: गझनीच्या महमुदाने सोमनाथ लुटले, तेव्हा देवळाचे चंदनी दरवाजे त्याने नेले आणि ते त्याच्या कबरीला लावलेले आहेत. पूर्वी रणजितसिंगानेही शाह शुजाशी बोलणी करताना या दरवाजांची मागणी केली होती. एलेनबरोने जनरल नॉटला हुकूम सोडला. नॉटने गझनी घेतली आणि कबरीचे दरवाजे उखडून बरोबर आणले. नोव्हेंबर १८४२ मध्ये एलेनबरोने हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांना उद्देशून जाहीरनामा काढला. आठशे वर्षांपूर्वीच्या अपमानाचा सूड घेतला गेला, असा त्याचा सूर होता.

दरवाजे वाजतगाजत निघाले ते सोमनाथला जायला. वाटेत कुणी तरी ते नीट पाहिले. खरे तर गझनीलाच फौजेबरोबरच्या हेन्री रॉलिन्सनने शंका घेतली होती. हा तोच रॉलिन्सन, पुढे इराणातले बाणाकृती लिपीतले लेख वाचून नावारूपाला आलेला. दरवाजांवर देवदेवता नाहीत, ताऱ्यांची भौमितिक नक्षी आहे. वर कूफी लिपीत अरबी लेख आहे आणि त्यात सबुक्तगीनचा मुलगा महमूद याचे नाव आहे. आणि मुख्य म्हणजे लाकूड चंदनाचे नाही, देवदाराचे आहे. म्हणजे दरवाजे गझनीच्याच सुतारांनी, त्या बाजूच्या डोंगरी लाकडाचे, त्याच कबरीसाठी केलेले होते. ते गुजरातेत कधी नव्हतेच.

मार्च १८४३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात यावर वादळ झाले. हिंदू-मुसलमान दोघांवर राज्य करणाऱ्या सरकारने असला जाहीरनामा काढावाच कसा, म्हणून मेकॉलेने एलेनबरोला धारेवर धरले. १८४४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. दरवाजे आग्र्यापर्यंत आले होते, ते तिथेच राहिले. आजही ते आग्र्याच्या किल्ल्यात ठेवलेले आहेत. सुमारे साडेसोळा फूट उंच. सोमनाथजवळ अहल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये मंदिर बांधले होते. आजचे मोठे मंदिर स्वातंत्र्यानंतर उभे राहिले आणि १९५१ मध्ये तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. दोन्ही मंदिरांना या दरवाजांची गरज पडली नाही.

महमुदाने १०२६ च्या सुरुवातीला सोमनाथ लुटले, मूर्ती फोडली, हे खरेच आहे; त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. शाळेत इतिहासाच्या तासाला महमुदाचे नाव निघाले की काही माना माझ्याकडे वळत. त्या मुलांनाही दोष देत नाही, त्यांना कुणी तरी गोष्ट तशी सांगितलेली असे. रोमिला थापर यांनी २००४ साली सोमनाथावर जे पुस्तक लिहिले, त्यात ही दरवाजांची गोष्ट आणि पार्लमेंटातला वाद यांचा समाचार घेतला आहे. आठशे वर्षांचा सूड ही भाषा कुणी आणि कोणत्या अडचणीत असताना वापरली, हे त्यातून कळते. एका परक्या सरकारला आपला पराभव झाकायचा होता आणि त्याने आपल्यापुढे एक दार उभे केले. एखाद्या सुताराला बोलावून 'बाबा, हे लाकूड कसले?' एवढे विचारले असते, तरी पुढचे टळले असते. आणि लाकूड तरी कोणते, तर देवदार! देवाचे लाकूड असा त्याचा संस्कृत अर्थ. ज्याला आपण मूर्तिभंजक म्हणून ओळखतो, त्याच्या कबरीला कुणा अनाम सुताराने ते दार घातले आणि त्यावर मन लावून तारे कोरले.

म्हणून म्हणतो, वखारीत गेलात की आधी लाकूड विचारा. फळीचे टोक पाहा. गाभ्याचा भाग सोनेरी-तपकिरी आणि कडेचा पांढरट असतो. टिकतो तो गाभा, पांढऱ्यात कीड आधी शिरते. फळी उचलून पाहा, ताज्या रंधलेल्या जागी नाक लावा. सागाचा वास चामड्यासारखा असतो. 'बर्मा' म्हणून सांगितले तर दोनदा विचारा, कारण म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि आपल्याकडे येणारा पुष्कळ साग आता आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून येतो. तो वाईट असे नव्हे, पण लवकर वाढवलेल्या झाडात गाभा कमी असतो. आतून साधे लाकूड आणि वर सागाचा पातळ पापुद्रा असेल, तर त्यातही कमीपणा नाही. मात्र तसे सांगितलेले असावे आणि पैसे तेवढेच घेतलेले असावेत. देशी साग असेल तर वनखात्याचा वाहतूक परवाना आणि पावती मागा.

आणि जुन्या वाड्याचे दार घ्यायचे असेल तर? पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात कित्येक वाडे बसले. पुढे उरलेलेही एकेक करून पाडले गेले. दारे बाजारात आली. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. तिथली कोरीव दारे जरूर पाहावीत. खरे जुने दार कसे दिसते, हे डोळ्यांना कळते. खालची कड पाण्याने आणि केरसुणीने झिजलेली असते, कडीच्या जागी हातांची चकाकी असते, फिरायची टोके शाबूत असतात. नव्या दाराला जुने दाखवायचे म्हणून कोरलेल्या भेगा मात्र सगळीकडे सारख्या असतात. जुने दार फ्लॅटच्या चौकटीत बसावे म्हणून खालून-वरून कापू नका. ते न कापता बसत नसेल, तर ते तुमच्या घरासाठी नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून सागाचे लाकूड अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाले. त्याच वर्षी खुल्या झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरकडचा साग आहे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेच्या छपराला लागला तो 'साज' आणि हा साग एकाच जातीचा. झाडाने कधी विचारले नाही की माझे दार कुणाकडे उघडणार आहे. ते विचारणे, न विचारणे दाराच्या आतल्या माणसाचे काम आहे.

शेवटी एक सुताराची सूचना. नवे दार पहिल्या पावसाळ्यात फुगते आणि घासू लागते. माणूस वैतागतो, दाराला नावे ठेवतो आणि ऐन श्रावणात रंधा मारून घेतो. मग उन्हाळ्यात लाकूड आकसले की फट पडते आणि ती कायमची राहते. तेव्हा घाई करू नका. थोडे मेण लावा, कडी अलगद ओढा, दिवाळीपर्यंत वाट पाहा. लाकूड वाळले की चांगले दार आपोआप जागेवर येते.